नर्व्ह ब्लॉक : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, गॅस्ट्रिक बायपास अशा दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर दुखणे कमी व्हावे म्हणून मज्जातंतूंच्या वाटेवर बधिर करणारे औषध टोचण्याच्या पद्धती. यांची खरी गरज श्वासामुळे आहे. अतिस्थूल रुग्णांपैकी अनेकांना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असतो आणि बऱ्याचदा त्याचे निदानही झालेले नसते. अशांना मॉर्फिन, फेंटॅनिल जितके कमी द्यावे लागेल तितके बरे. बायपासनंतर जोडाजवळ व्रण होण्याच्या भीतीने आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही सहसा टाळतात.

सर्वांत रुळलेला टॅप ब्लॉक २००१ मध्ये रफी यांनी मांडला. त्यात पोटाच्या भिंतीतील आतल्या दोन स्नायूंच्या मधल्या पदरात औषध सोडतात. कुशीकडून दिलेला टॅप मुख्यतः बेंबीखालचा भाग बधिर करतो, तर या शस्त्रक्रियेतील बहुतेक छिद्रे बेंबीच्या वर असतात. त्यामुळे इथे बरगड्यांच्या कडेखालून दिलेला, म्हणजे सबकॉस्टल टॅप, अधिक समर्पक ठरतो. अभ्यासांचे निष्कर्ष वाचताना कोणता टॅप दिला होता हे पाहिले नाही, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. चरबीच्या जाड थराखाली हे पदर सोनोग्राफीत धूसर दिसतात. म्हणून काही शल्यचिकित्सक दुर्बिणीतून आतला फुगवटा पाहत स्वतःच टॅप देतात.

इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ मध्ये फोरेरो आणि सहकाऱ्यांनी वर्णिला. औषध पाठीतील स्नायू आणि मणक्याचा आडवा काटा यांच्यामध्ये सोडतात. ते पुढे मज्जातंतूंच्या मुळांपर्यंत झिरपले तर पोटाच्या भिंतीबरोबर आतल्या अवयवांची वेदनाही शमेल, हे त्याचे आकर्षण. पण हे झिरपणे बेभरवशाचे आहे. मृतदेहांवरील अभ्यासांचे निष्कर्षही परस्परांशी जुळत नाहीत. शिवाय भूल दिलेल्या दीडशे किलोच्या माणसाला कुशीवर वळवणे सोपे नसते, म्हणून हा ब्लॉक अनेकदा रुग्ण जागा असताना, बसवूनच देतात. क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉकही पाठीकडून द्यायचा; त्याची जागा खोल असल्याने स्थूल शरीरात तो अधिक कठीण.

छिद्रांच्या कडांना शल्यचिकित्सकाने टोचलेले औषध साधे, स्वस्त आणि जलद. कोणत्याही ब्लॉकची तुलना निव्वळ सलाइनशी न करता याच्याशी व्हायला हवी. तसे केले की ब्लॉकचा फायदा बराच लहान दिसू लागतो. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दुखणारा खांदा मात्र यांपैकी कशानेच थांबत नाही, कारण ती वेदना श्वासपटलाच्या फ्रेनिक मज्जातंतूतून येते.

मात्रा ठरवताना प्रत्यक्ष वजन फसवते. रोपिव्हॅकेनची कमाल मात्रा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात; १४० किलोंवर ती ४२० मिलिग्रॅम होते, तर आदर्श वजन ६० किलो धरल्यास १८०. हिशेब आदर्श वजनावर करणेच सुरक्षित. औषध रक्तात जास्त मिसळल्यास झटके येऊ शकतात, हृदयही थांबू शकते. त्यावरचा उपाय असलेले २० टक्के स्निग्ध द्रावण ब्लॉक देण्याच्या जागी हाताशी ठेवतात.