चाकावरची कमान

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ज्याने कधी शेत गाठलं आहे, त्याला मडगार्ड म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मांडीखाली उन्हाने तापलेला पत्रा, हातभर अंतरावर गरगरणारं टायर, आणि टायरच्या नक्षीतून सुटलेली ढेकळं त्या पत्र्याला आतून धपाधप आपटतात. अंगावर मात्र एक येत नाही. तिथे मडगार्ड ही गाडीच्या अंगाहून वेगळी, स्वतःचं काम सांभाळणारी वस्तू आहे. पिकअपच्या चाकांवर आज जी काळी, रुंद, बाहेर झुकलेली कड दिसते, त्या फेंडर फ्लेअरची कुळकथा इथूनच सुरू करावी लागते. कारण हे वेगळं मडगार्ड मधल्या काळात गाडीच्या पोटात गडप झालं होतं, आणि फ्लेअरच्या रूपाने ते पुन्हा बाहेर आलं.

आधी शब्द. आपण ज्याला मडगार्ड म्हणतो त्याला अमेरिकन माणूस फेंडर म्हणतो. इंग्रजीतल्या ‘डिफेंड’चं पहिलं अक्षर झडून ‘फेंड’ उरला, त्याचा हा फेंडर: धक्का, घाव, चिखल परतवणारा. जहाजांच्या जगातही हाच शब्द आहे. भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या कडेला जुनी टायरं लोंबत असतात, ती फेंडरच. तिथे टायर लाँचला सांभाळतं, इथे टायरने उडवलेल्या चिखलापासून गाडीला सांभाळावं लागतं. घोडागाडीच्या काळात याचं एक भावंड होतं. घोड्याच्या खुरांनी उडवलेला चिखल बसणाऱ्यांवर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. ती फळी आज काचेआड गेली आणि तिच्यावर काटे आणि पडदे बसले. फेंडरचा प्रवास इतका सरळ झाला नाही.

जुन्या मोटारींचे फेंडर आठवा: चारी चाकांवर चार फुगीर पत्रे, मध्ये पाय ठेवायची पट्टी. पुढे गाडीच्या दोन्ही कुशी सपाट करण्याची ओढ लागली आणि फेंडर अंगात मिसळत गेले. 1949 च्या फोर्डमध्ये ही सपाट कूस ठळक दिसते. पिकअप मात्र कामाची गाडी. तिच्या मागच्या हौद्याबाहेर फुगीर फेंडर बरेच दिवस टिकले. 1955 साली शेव्हरोलेने ‘कॅमिओ कॅरियर’ काढली, तिच्यात हौद्याच्या बाहेरून फायबरग्लासचे सपाट पत्रे लावून ते फुगीरपण झाकलं होतं. 1957 मध्ये फोर्डने सपाट कुशीचा हौदा ‘स्टाइलसाइड’ नावाने पुढे आणला, आणि वेगळे फेंडर असलेल्या जुन्या घाटाला नाव होतं ‘फ्लेअरसाइड’. फ्लेअर म्हणजे घेर. परकराला असतो तसा, वर बेताचा आणि खाली पसरत जाणारा.

आपल्याकडे हे वेगळं मडगार्ड जीपने जपलं. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या जीपची पुढची मडगार्डं टेबलासारखी सपाट होती. जाणकार त्या गाड्यांना आजही ‘फ्लॅट फेंडर’ याच नावाने ओळखतात. अशा जीपला घेर लावण्याची गरजच नव्हती, कारण तिचं चाक मुळातच मोकळं होतं.

गरज पडली ती बंद चाकांच्या गाडीला. 1966 च्या मॉडेलपासून फोर्डची ब्रॉन्को आली. चाकांमधलं अंतर 92 इंच, बुटकी, चौकोनी, आणि एका प्रकारात तर अर्ध्या टपाची पिकअपच. तिच्या मागच्या चाकावरची कमान ठेंगणी होती, टायरचा वरचा भाग झाकणारी. डांबरी रस्त्यावर दिसायला ते नीटस. पण मालक गाडी वाळूत आणि दगडात न्यायला लागले, त्यासाठी मोठी टायरं घातली, आणि खड्ड्यात स्प्रिंग दबली की टायर वर येऊन पत्र्याच्या कडेला घासू लागलं. ती कड टायर सोलते. उपाय एकच सुचण्यासारखा होता: पत्रा कापा.

हे काम नावारूपाला आणलं कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या बिल स्ट्रॉप यांनी. ते फोर्डसाठी शर्यतीच्या गाड्या तयार करत. 1967 पासून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात उभ्या वाळवंटातून शर्यत सुरू झाली होती. 1963 ची इंडियानापोलिसची शर्यत जिंकलेले पार्नेली जोन्स आणि शेजारी स्वतः स्ट्रॉप, या जोडीने ‘बिग ओली’ नावाच्या ब्रॉन्कोतून 1971 आणि 1972 अशी लागोपाठ दोन वर्षं ही बाहाची शर्यत जिंकली. 1971 पासूनच फोर्डच्या विक्रेत्यांकडे स्ट्रॉपची ‘बाहा ब्रॉन्को’ मिळू लागली. तिच्या कमानी कापून मोठ्या केलेल्या होत्या आणि कापलेल्या कडेवर फ्लेअर बसवलेले होते.

माझ्या मते फ्लेअरचा खरा अर्थ या कापलेल्या कडेत आहे. गोधडी शिवणारी बाई कडेला गोट लावते, कारण कापलेलं कापड मोकळं ठेवलं की उसवतं. कापलेला पत्राही मोकळा ठेवता येत नाही. धार राहते, गंज धरतो, आणि बाहेर आलेलं टायर दारांवर, मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर चिखलखडी फेकत सुटतं. अमेरिकेत अनेक राज्यांत टायर मडगार्डाखाली झाकलेलं असावं असा नियमही आहे. म्हणजे फ्लेअर हा गोट आहे आणि मडगार्डही. शर्यतीच्या मोटारींनाही त्याच सुमारास रुंद टायरांसाठी असेच घेर आले. जपानमध्ये 1970 च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या मागच्या चाकांवर ते बोल्टने ठोकलेले दिसतात, आणि तिथे त्यांना ‘ओव्हर फेंडर’ म्हणतात.

त्या बोल्टांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आजचे बहुतेक फ्लेअर गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून किंवा साच्यात ओतून बनतात, आणि कमानीच्या आतल्या दुमडीला स्क्रू-क्लिपांनी धरतात. तरीही ‘पॉकेट स्टाइल’ प्रकारात बाहेर ओळीने खळगे असतात आणि प्रत्येकात एक चकचकीत बोल्ट. बऱ्याचदा त्याने काहीच धरलेलं नसतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून होते. आज बंगल्याच्या सागवानी दारावर पितळी खिळे लागतात, हत्ती येणार नसला तरी. तसेच हे बोल्ट. मला ते आवडतात, कारण कोणीतरी एकदा हातात कात्री घेऊन नव्या गाडीचा पत्रा कापला होता, याची खूण त्यांत उरली आहे.

निवडायचं झालं तर रंग आणि घाट नंतर बघावा, आधी ओळंबा घ्यावा. गवंड्याचाच. चाक सरळ ठेवून कमानीच्या कडेवरून दोरा सोडायचा आणि टायर त्या दोऱ्याच्या किती बाहेर आहे ते मोजायचं. तेवढा, किंवा थोडा जास्त, घेर पुरे. दोन बोटं बाहेर आलेल्या टायरवर वीतभर फ्लेअर लावला तर पहिल्याच अरुंद पाणंदीत बाभळीला घासून तो निघेल. टायर बाहेर नसून वर घासत असेल, तर नुसता घेर लावून भागणार नाही. तिथे कापावंच लागतं.

बसवताना कमान आतून धुऊन चिखलाचा कण न् कण काढावा. आधी फ्लेअर नुसता धरून बघावा, मग रंगाला टेकणाऱ्या कडेवर रबराची पट्टी चढवावी. ही पट्टी काही जण वाचवतात. मग प्लास्टिक आणि पत्रा यांच्या फटीत वाळू शिरते, गाडी थरथरते तशी ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते, आणि वर्षभराने फ्लेअर काढला की खाली कमानीच्या आकाराची गंजाची रेघ मिळते. भोक पाडावं लागलंच तर त्याच्या कडेला ब्रशने रंग लावल्याशिवाय स्क्रू घालू नये. सगळे स्क्रू आधी ढिले ठेवावेत, चारही बाजूंनी फट सारखी झाली की मगच आवळावेत. शेवटी एक पुढचं चाक दगडावर चढवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, आणि दुसऱ्या कोणाला तरी कमानीपाशी बसवून कान द्यायला सांगावं.