तळोज्याची काच आणि लॅमिंग्टन रोडचे सुटे भाग

१/ नवी मुंबईतील तळोजा म्हटले की रासायनिक कारखाने डोळ्यांसमोर येतात. पण १९८६ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने येथे काचेसाठी एक कारखाना उभारला. दूरचित्रवाणी संचातील चित्रनलिकेचे काचेचे कवच तेथे तयार व्हायचे होते. हौशी इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे जुन्या पद्धतीचे सुटे भाग पुढे मिळतील का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या कारखान्याच्या कथेत आहे.

२/ भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ मध्ये बंगळूरला झाली. १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे, १९६२ मध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे आणि १९७० मध्ये कृष्णधवल चित्रनलिकांचे उत्पादन तिने सुरू केले. परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवान्यांचा तो काळ होता. लष्कर, आकाशवाणी आणि रेडिओ उद्योग यांची गरज देशातच भागवणे हा या उत्पादनामागील हेतू होता.

३/ घरी बसून रेडिओ जुळवणारा हौशी माणूस या योजनेत कोठेही नव्हता. तो त्याच बाजारात शेवटचा गिऱ्हाईक म्हणून उभा राही. मुंबईत हा बाजार ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भरला. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव त्या रस्त्याला होते. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे.

४/ दुकानदाराच्या डब्यांतला माल मुख्यतः दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आणि छोट्या कारखानदारांसाठी असे. त्यांना शेकड्याने लागणारा ट्रान्झिस्टर हौशी विद्यार्थ्याला दोन-चार नग या हिशेबाने मिळे. मोठ्या उद्योगाच्या ताटातून सांडलेल्या शितांवर हा छंद पोसला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

५/ या भागांचे रूपही योगायोगानेच हौशी माणसाच्या सोयीचे होते. कारखान्यात कामगार हाताने भाग बसवत, म्हणून प्रत्येक भागाला तारेचे पाय असत आणि ते पाटीच्या छिद्रांतून ओवले जात. १९६८ चा ७४१ आणि १९७२ चा ५५५ या गाजलेल्या आयसींच्या आठ पायांच्या आवृत्तीत शेजारच्या दोन पायांमधले अंतर २.५४ मिलिमीटर असते. उघड्या डोळ्यांना दिसणारे आणि साध्या सोल्डरिंग गनला पेलणारे हे माप होते.

६/ मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढच्या काही वर्षांत संचांची मागणी झपाट्याने वाढली. प्रत्येक संचाला एक नलिका आणि प्रत्येक नलिकेला एक काचेचे कवच लागणार होते. तळोज्याचा कारखाना या गणितावर उभा राहिला.

७/ गणित बदलले, तेही नवी मुंबईच्याच परिसरात. उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे उघडले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. देशी उत्पादक मागे पडले आणि लॅमिंग्टन रोडच्या डब्यांत परदेशी माल भरला.

८/ त्याच सुमारास भागांचे पाय नाहीसे होऊ लागले. यंत्राने पाटीच्या पृष्ठभागावरच बसवायचे भाग सर्वत्र रूढ झाले. मोबाइलमधला रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, किंवा त्याहूनही लहान असतो. मोठ्या गिऱ्हाइकाची गरज बदलली आणि हौशी माणसाचा योगायोग संपला.

९/ २००८ च्या सुमारास जगभरात सपाट पडद्याच्या संचांची विक्री नलिकेच्या संचांपेक्षा अधिक झाली. चित्रनलिकेचा उद्योग संपला. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा तळोज्याचा विभाग आजही आहे, पण तेथे लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणे ठेवण्याचे निवारे तयार होतात. नलिका निरुपयोगी ठरल्यामुळे हे घडले नाही. ती लाखोंच्या संख्येने विकत घेणारा कोणी उरला नाही, म्हणून घडले.

१०/ या निकषावर आजच्या भागांचे तीन गट पडतात. पहिल्या गटाला धोका नाही. मोठे कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर आणि जास्त प्रवाह पेलणारे ट्रान्झिस्टर यांना उष्णता आणि यांत्रिक ताण सोसावा लागतो, म्हणून उद्योगाला त्यांचे पाय अजूनही हवे आहेत. इन्व्हर्टर आणि वीजपुरवठ्याची उपकरणे बनतात तोवर हे भाग मिळत राहतील.

११/ दुसरा गट पायांच्या आयसींचा आणि छोट्या ट्रान्झिस्टरांचा. ५५५ आजही बनतो, पण नव्या उत्पादनात बहुधा त्याचे पृष्ठभागी रूपच वापरले जाते. कंपन्या पायांची आवृत्ती एकदम बंद करत नाहीत. यादीतून एकेक क्रमांक गळत जातो. दुरुस्ती आणि शिक्षण हे या गटाचे उरलेले मोठे आधार आहेत.

१२/ तिसऱ्या गटातील भागांची उत्पादनपद्धतीच लोपली आहे. चित्रनलिका आणि जुन्या रेडिओतला एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर ही त्याची उदाहरणे. येथे जुना शिल्लक साठा हाच काय तो आधार. साठा आटला की जुना क्रमांक खरवडून नवा छापलेला बनावट माल बाजारात येतो. असे जगभर घडले आहे.

१३/ व्हॉल्व्हची गोष्ट मात्र वेगळी घडली. रेडिओतून ते केव्हाच गेले, तरी रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन येथे त्यांचे उत्पादन टिकले. कारण गिटारवादकांना व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घालताच जगभरच्या वादकांची धावपळ उडाली. एक ठाम गिऱ्हाईक कारखाना जगवू शकतो आणि मोजक्याच कारखान्यांवर विसंबणे किती जोखमीचे असते, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसल्या.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाला याचे महत्त्व का असावे? मोडीतील कागद जपला, तर तो वाचणारा माणूस पुन्हा शिकवून तयार करता येतो. जुना रेडिओ किंवा पहिल्या पिढीचा दूरचित्रवाणी संच हीही साधनेच आहेत; पण त्यांतला भाग संपला तर तो घरी घडवता येत नाही. संच संग्रहालयात दिसेल, पण त्याचा आवाज आणि त्यावरचे चित्र कायमचे गेलेले असेल.

१५/ महाराष्ट्रात असे ठाम गिऱ्हाईक एकच दिसते, ते म्हणजे तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये. वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, पनवेल येथल्या प्रयोगशाळांची मागणी दरवर्षी ठरलेली असते. अभ्यासक्रमातून ७४१ आणि ५५५ गेले, तर दुकानातील डबाही जाईल. ते राहिले, तर त्यांच्याबरोबर हौशी माणसाचेही भागेल, जसे पूर्वी रेडिओ उद्योगाबरोबर भागत होते.

१६/ तिसऱ्या गटासाठी मात्र आजच हालचाल हवी. भंगारात निघालेल्या जुन्या संचातले ट्रान्झिस्टर, व्हॉल्व्ह आणि नलिका काढून, तपासून, क्रमांकासह नोंदवून ठेवणे हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागांना मिळून करता येईल. त्यासाठी लागते ते एक कपाट, एक मल्टिमीटर आणि एक नोंदवही.