तेलपंपाचा दट्ट्या आणि त्यावरील मोडी अक्षर

गेल्या माघांत सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांतील एका गांवीं जुन्या दप्तराच्या शोधार्थ जाण्याचा आम्हांस योग आला. दप्तर बेताचेंच निघालें: दोन कौलनामे, एक फाटकी वंशावळ आणि वाळवीनें खाल्लेल्या कांहीं जमाखर्चाच्या वह्या. परत निघतांना घरधन्यांनीं विहिरीवरील पडक्या खोपींत ठेवलेलें एक जुनें डिझेल इंजिन दाखविलें. आमच्यासमवेत पोथ्यांचा आणि जुन्या यंत्रांचाहि संग्रह करणारे एक स्नेही होते. त्यांनीं तें तत्काळ विकत घेतलें आणि गांवीं पोंचतांच तेलाचा पंप उकलला. आंतील जुना दट्ट्या फेंकून बाजारांतला नवा बसविण्याचा त्यांचा बेत होता. या दट्ट्यावरून आमचा त्यांच्याशीं जो वाद झाला, तोच या टिपणाचा विषय आहे.

वाचकांपैकीं बहुतेकांस यंत्रविद्येचा परिचय नसेल. आम्हांसहि तो वृद्धपणींच झाला. रूडॉल्फ डिझेल याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें झाला. आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत १८९३ च्या ऑगस्टांत त्याच्या पहिल्या यंत्राची परीक्षा झाली, तेव्हां आंतील स्फोटानें दाबमापकच उडालें. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं तें सुमारें एक मिनिट स्वबळावर चाललें. पुढें बरोबर तीन वर्षांनीं, १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं, प्रोफेसर श्रोटर यांनीं केलेल्या परीक्षेंत तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून थोडा अधिक भाग उपयोगी शक्तींत उतरला. तत्कालीन वाफेच्या यंत्रांस हें साधलें नव्हतें. परंतु डिझेल दाबलेल्या हवेच्या झोतानें तेल आंत सोडीत असे, आणि त्यासाठीं वेगळें, अवजड हवायंत्र बाळगावें लागे. रॉबर्ट बॉश याच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यानें १९२२ सालीं केवळ पंपाच्या दाबानें तेल सोडण्याचें साधन सिद्ध करण्याचें मनावर घेतलें, आणि १९२७ सालीं असे पंप मोठ्या संख्येनें निघूं लागले. इंजिन लहान, स्वस्त आणि शेतकऱ्याच्या आवांक्यांतलें झालें, त्यास हें एक मोठें कारण आहे.

या पंपाचें मर्म एका जोडींत आहे. दट्ट्या बॅरलमध्यें वर चढला कीं बाजूचें छिद्र झांकलें जातें आणि कोंडलेलें तेल शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबानें नोझलकडे जातें. दट्ट्याच्या अंगावर एक तिरकस खांच कोरलेली असते. ती छिद्राशीं आली कीं दाब सुटतो. दट्ट्या स्वतःभोंवतीं किंचित् फिरविला, कीं खांच लवकर किंवा उशिरां छिद्राशीं येते आणि तेलाचें माप कमीअधिक होतें. दट्ट्या व बॅरल यांमधील फट दोनतीन सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाएवढी असते. तेथें चामडें नाहीं, दोरी नाहीं. धातूवर धातूच तेल अडवितो. म्हणून ही जोडी एकत्र घांसून जुळवितात आणि एकीचा दट्ट्या दुसरीस चालत नाहीं. कारागीर या जोडीस एलिमेंट म्हणतात.

हें आम्हांस स्वानुभवानें कळलें तें लाजिरवाणें आहे. स्नेह्यांकडे त्याच जातीचा दुसरा एक पंप होता. दोन्ही रॉकेलनें धुतांना आम्हीं उत्साहानें हात लावला आणि दट्ट्यांची अदलाबदल केली. एक आंत शिरेना. दुसरा इतका ढिला बसला कीं तेल खालींच पाझरलें. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस पोथीचीं पानें मिसळूं नका असें बजावणाऱ्या मास्तरानें हें करावें!

चूक सुधारतांना भिंगाखालीं तो जुना दट्ट्या पाहिला, तेव्हां नवल वाटलें. बॅरलवर मूळ कारखान्याचा रोमन अक्षरांतील ठसा होता. दट्ट्यावर ठसा नव्हता. त्याच्या खालच्या रुंद टोकास पोगरानें ठोकलेलें मोडी ‘क’ होतें, आणि बॅरलच्या खालच्या कडेवरहि तेंच अक्षर. त्याच रुंद टोकाच्या बाजूस कानशीच्या दात्यांची पुसट ओळ दिसली. अर्थात् दट्ट्या जुन्या गोल कानशीचा केलेला! कानशीचें पोलाद चांगलें कठीण होणारें असतें. तें तापवून राखेंत हळूहळू निवविलें कीं मऊ पडतें, लेथवर कांततां येतें, आणि खांच कोरून झाल्यावर पुन्हां पाणी देतां येतें. बॅरलचें छिद्र झिजून वांकडें झालें असावें. तें घांसून सरळ केलें म्हणजे थोडें मोठें होतें, आणि मग जुना दट्ट्या त्यांत निरुपयोगी ठरतो. म्हणून बॅरल मूळचा आणि दट्ट्या नवा, हा क्रम आम्हांस निश्चित वाटतो. दोहोंवरील ‘क’ हें जोडी चुकूं नये म्हणून केलेलें चिन्ह होय. आम्हीं तें आधीं पाहिलें असतें तर वरील फजिती टळली असती.

घांसण्यास कुरुंदाची पूड वापरली असावी. कुरुंद हा संस्कृत ‘कुरुविंद’ शब्दाचा वंशज आहे, आणि शस्त्रें उजळणारे शिकलगार तो पिढ्यान् पिढ्या वापरीत आले. पूड किती बारीक वस्त्रगाळ केली असेल याची साक्ष दट्ट्याच देतो: तेलांत भिजवून बॅरलमध्यें उभा धरिला असतां तो आजहि स्वतःच्या भारानें, एकदम न पडतां, सावकाश खालीं उतरतो.

पंपाच्या कमी दाबाच्या बाजूस एक तांब्याची चकती सांपडली. तिच्या एका अंगास मठाराच्या खुणा आहेत. तांबटाच्या हातचा एखादा हंडा किंवा घंगाळ कापून ती केली, हें उघड आहे. तांबें लाल तापवून पाण्यांत बुडविलें तर मऊ होतें. पोलाद मात्र त्याच उपायानें कठीण होतें. हा विरोधाभास ज्या हातास ठाऊक होता त्यानेंच दोन्ही कामें केलीं असावींत.

काळ कोणता? येथें वाळवीच्या तोंडून वांचलेली वही उपयोगी पडली. शके १८६४ (इ. स. १९४२-४३) च्या जमाखर्चांत विहिरीच्या इंजिनाचा दांडा करविल्याबद्दल रोख रुपये आणि दोन पायली जोंधळा दिल्याची नोंद आहे. घेणाऱ्याच्या नांवाच्या जागीं वाळवीचें छिद्र आहे. नोंदीचा मेळ काळाशीं नीट बसतो. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच जर्मनीचा माल थांबला, आणि विलायतेचे कारखानेहि युद्धाच्या कामास जुंपले गेले. पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली. बंगळूर येथें मायको स्थापन झाली ती १९५१ सालीं, आणि त्यानंतर असे पंप देशांतच होऊं लागले. मधल्या काळांत पंप झिजला तर मोट पुन्हां जुंपावी, किंवा गांवच्या कारागिरास गांठावें. ऊंस उभा असतां पंधरा दिवस पाणी न मिळणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

अशा कामाचें लिखित शास्त्र मिळत नाहीं. ‘समरांगणसूत्रधारा’च्या यंत्राध्यायांत भोजराजानें यंत्रांचीं वर्णनें केलीं, घटना मात्र सांगितली नाहीं, आणि हें अज्ञानामुळें नव्हे, गुप्तीसाठीं, असें तो स्वतःच म्हणतो. कोरेगांवाकडील आमच्या कारागिरास गुप्ती राखण्याचें कारण नव्हतें. त्याचें लिहिणें कोणी मागितलेंच नाहीं. त्याचें एकच अक्षर उरलें आहे, आणि तें पोलादावर आहे.

स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, इंजिन मूळ स्थितींत आणणें हाच खरा जीर्णोद्धार. घरगुती तुकडे ही विकृति होय. या मतास आमचा स्पष्ट विरोध आहे. पोथीच्या समासांत नंतरच्या हातानें केलेली दुरुस्ती आपण खरडून काढीत नाहीं. उलट तिच्यावरून पोथी कोणाच्या हातीं व कोठें फिरली याचा माग काढितों. नवा दट्ट्या बसविला तर इंजिन कारखान्यांतून निघालें त्या दिवसाचें होईल. ज्या विहिरीवर तें झिजलें, तिचें राहणार नाहीं. शिवाय कारखान्यांतून निघालेलीं तसलीं इंजिनें इतरत्रहि आहेत. असा दट्ट्या आम्हीं तरी दुसरा पाहिला नाहीं. स्नेह्यांनीं उत्तर दिलें कीं, इंजिन चालवावयाचें तर जुन्या जोडीची झीज आणखी वाढेल. हें मात्र आम्हांस मान्य करावें लागलें.

अखेर तडजोड ठरली. इंजिनांत नवी जोडी बसली आणि तें गेल्या चैत्रांत चाललेंहि. जुनी जोडी, वेगळी न करितां, तेलांत बुडवून कांचेच्या बरणींत ठेविली आहे; मठाराची चकती निराळ्या पाकिटांत आहे. वहीच्या त्या पानाची नक्कल व दोन्ही ‘क’ अक्षरांचे ठसे आम्हीं मंडळाच्या दप्तरखान्यांत दिले आहेत. अन्य तालुक्यांतील विहिरींवर असे पंप ज्यांच्या पाहण्यांत येतील, त्यांनीं धुण्यापूर्वीं बॅरलची खालची कडा भिंगानें पहावी.