महदाइसा : एका नावाची गोष्ट

मंडळी, हल्ली घरात बाळ आले की नावासाठी सगळे मोबाईल उघडून बसतात. आज मी आपल्याच जिल्ह्यातल्या, साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका नावाबद्दल लिहिते आहे. आमच्या चांदूर रेल्वेहून अमरावती ओलांडून मोर्शी तालुक्यात गेले की रिद्धपूर लागते. तिथे ‘महदाइसा’ हे नाव गाजले.

महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. काळ तेराव्या शतकातला, यादवांच्या राज्याचा. नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण, चक्रधरस्वामींची शिष्या. स्वामींना सारखे प्रश्न विचारणारी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंपुढे तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली. तेच ‘धवळे’.

आता नाव फोडून पाहू. ‘महद्’ म्हणजे थोर, पुढे ‘आई’, शेवटी मानाचा ‘सा’. याचेच पंडिती रूप महदंबा. लीळाचरित्रात उमाइसा, आबाइसा अशा आणखीही कितीजणी भेटतात. पुरुषाच्या नावाला ‘बा’ लागे, बाईच्या नावाला ‘आई’. ज्ञानोबा तसे, मुक्ताई तशी. मुक्ताई वयाने केवढी लहान, तरी आईच! म्हणजे हे ‘आई’ लेकरांवरून आलेले नाही, मानाचे आहे. आपल्या वऱ्हाडात अनोळखी बाईलाही ‘माय’ म्हणतात, ते याच वळणाचे.

ही नावे टिकली कशी? केशोबासांनी संस्कृतात रचना केली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना पुढे तसे करू नका म्हणून बजावले. माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, ही त्यांची काळजी. पंथाचे ग्रंथ मराठीत झाले आणि बायकांची नावे, लोक हाक मारत तशीच, त्यांत राहिली.

आणि आपल्या घरात? लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहायचे, की जुने पुसले. माझ्या आजीचे माहेरचे नाव तिच्याबरोबरच गेले. साडेसातशे वर्षांपूर्वीची महदाइसा मला नावानिशी ठाऊक आहे, माझ्या अंगाखांद्याशी खेळवणारी आजी मात्र अर्धीच.

२०२४ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, याचा आनंद आहेच. पण एक काम घरीच करण्याजोगे आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांचे माहेरचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्या आहेत तोवरच.

असो.