फुणक्यांची कुळकथा

भिजवलेली तूरडाळ पाणी न घालता जाडसर वाटून, तीत बारीक चिरलेली पालेभाजी, मिरची, लसूण, जिरे आणि मीठ कालवून, मुठीने दाबून वळलेले लांबट गोळे वाफवले की जो पदार्थ तयार होतो, त्याला खानदेशात आणि वऱ्हाडात फुणके म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस ज्या काळ्या मातीच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात वसले आहे, त्या पट्ट्यातील स्वयंपाकाला हा पदार्थ साजेसा आहे, कारण त्याला लागणारे जवळजवळ सर्व साहित्य शेतातून आणि परसातून मिळते. राजवाड्यांच्या पाककृतींत किंवा सणांच्या पानांत ज्यांची वर्णने येतात, अशा पदार्थांचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे असते. फुणक्यांचा इतिहास मात्र त्यांच्या धान्यावरून आणि भांड्यावरूनच जुळवावा लागतो.

धान्याचा पुरावा भक्कम आहे. तूर आफ्रिकेतून आली असावी, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान डेर मासेन यांनी 1980 मध्ये तुरीचे मूळ घर भारतच असल्याचे साधार मांडले आणि तिची सर्वांत जवळची रानटी भाऊबंद जात ओडिशा, बस्तर आणि पूर्व घाटाच्या परिसरात सापडते, याकडे लक्ष वेधले. विदर्भाच्या दृष्टीने याहून जवळचा पुरावा अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगड आणि तांबे दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या, वसाहतीत मिळाला असून तेथील सुमारे 3,000 वर्षांपूर्वीच्या थरांत इतर धान्यांबरोबर तुरीचीही नोंद झाली आहे. त्या लोकांनी फुणके केले, असे यावरून म्हणता येत नाही. पण या प्रदेशात तूर हे बाहेरून अलीकडे आलेले धान्य नव्हे, एवढे निश्चित म्हणता येते.

ही तूर शेतात टिकली ती कपाशीच्या सोबतीने. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कपाशीचे मोल एकाएकी वाढले. नगदी पिकाचा असा जोर असला की खाण्याचे धान्य मागे रेटले जाते. तरीही कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची आंतरपिकाची रीत या भागात रुजलेली आहे, कारण खोल मुळांची तूर खालच्या थरातील ओल घेते, मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देते आणि कपाशी दगा देते त्या वर्षीही घरात डाळ आणते. दिग्रसजवळ अरुणावती नदीवर धरण झाले असले, तरी या तालुक्याची शेती बव्हंशी पावसावरच चालते, आणि तुरीचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही.

भांड्याचा प्रश्न अधिक वादाचा आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने येथे वाफवण्याचे भांडे वापरात नसल्याचे नमूद केले. अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनी या नोंदीला महत्त्व दिले आणि इडलीचे आंबवणे व वाफवणे आग्नेय आशियातून आले असावे, असा तर्क केला. सुमारे 1130 मध्ये कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उडदाच्या पिठाची ‘इड्डरिका’ येते. पण तीत तांदूळ, आंबवण आणि वाफ हे आजच्या इडलीचे तिन्ही घटक दिसत नाहीत, हेही अचया यांनीच दाखवले. ह्युएन त्संगच्या डोळ्यांसमोर चीनमधील छिद्रे असलेले खास भांडे असावे, ही शक्यता मात्र या चर्चेत पुरेशी लक्षात घेतली जात नाही. वाफवण्यासाठी स्वतंत्र भांडे लागतेच असे नाही: मातीच्या मडक्याच्या तोंडाला फडके बांधून किंवा तळाच्या पाण्यावर काड्या आडव्याउभ्या रचून त्यांवर पाने अंथरली की काम भागते. अशी मांडणी उत्खननात सापडण्याजोगी नसते. भांड्याच्या अभावावरून तंत्राचा अभाव सिद्ध करणे म्हणूनच घाईचे ठरते, आणि आंबवणाची गरजच नसलेल्या फुणक्यांच्या बाबतीत तर समुद्रापलीकडच्या गुरूची कल्पना अनावश्यक वाटते.

या मताला फुणक्यांचे दक्षिण भारतातील भाऊबंद पदार्थ बळ देतात. जुन्या म्हैसूर भागातील ‘नुच्चिनुंडे’ हे भरड वाटलेल्या तूरडाळीचे, शेपू-कोथिंबीर घातलेले आणि वाफवलेले गोळेच आहेत. तमिळ ‘परुप्पु उसिली’त वाफवलेली वाटलेली डाळ कुस्करून भाजीत परततात, आणि वऱ्हाडातही उरलेले फुणके कुस्करून फोडणीला टाकले जातात. या साऱ्यांत डाळ भिजवणे, भरड ठेवणे आणि न आंबवता वाफवणे ही तीच तीन पावले आहेत. गुजरातचा ढोकळा या कुळात थोडा दूरचा, कारण त्याचे पीठ आंबवून फुलवलेले असते. फुणक्यांतील तिखट मात्र नवे आहे. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आली, त्याआधी तिखटपणाचे काम मिरी, पिंपळी आणि आले करीत असे.

कृतीतील प्रत्येक पायरीला कारण आहे. डाळ चार-पाच तास भिजवून ते पाणी फेकले की पोट फुगवणाऱ्या शर्करांचा काही भाग निघून जातो. डाळ पूर्ण निथळून, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत भरड वाटावी, कारण कणांमधल्या फटींतून वाफ गाभ्यापर्यंत पोहोचते. गुळगुळीत वाटणाचा गोळा बाहेरून शिजतो आणि आत चिकट राहतो. मेथी, पालक, सांबार, म्हणजे कोथिंबीर, किंवा उन्हाळ्यातील चिवळ यांपैकी हाताशी असेल ती भाजी घालावी, पण मीठ अगदी शेवटी, कारण मिठाने पाल्याला पाणी सुटते. तेल लावलेल्या चाळणीत गोळे सुटे ठेवून उकळत्या पाण्याच्या गंजावर झाकून पंधरा ते वीस मिनिटे वाफवले की डाळीतील प्रथिने घट्ट होतात आणि पिष्ट फुगून कण एकमेकांना धरतात. सुरी खुपसून कोरडी निघाली की फुणके झाले.

दूध, दही, तूप आणि मध यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ टाळणाऱ्या आहाराला आज ‘व्हीगन’ म्हणतात, आणि ते नाव 1944 मध्ये इंग्लंडमध्ये पडले. फुणक्यांत मात्र मुळातच दुधाचा थेंब नाही. त्यांच्यासोबतची नेहमीची ताकाची कढी तेवढी वगळून चिंचेचे सार किंवा ठेचा आणि कच्चे तेल घेतले की हे जेवण कोणत्याही पर्यायी पदार्थाशिवाय व्हीगन होते. ज्वारीत लायसिन हे प्रथिनघटक द्रव्य कमी असते आणि तुरीत ते भरपूर असते, म्हणून भाकरीबरोबर फुणके खाणे हा आहाराच्या दृष्टीनेही पक्का मेळ आहे. तयार डाळीच्या पिठाने किंवा सोडा घालून हा पदार्थ उरकू नये. डाळ भिजवून घरीच भरड वाटावी.