ऐकणाऱ्यांनी घडवलेलं संगीत

रॅपर नॅसच्या ‘इलमॅटिक’मधलं तिसरं गाणं संपत येतं तेव्हा शब्द मागे पडतात आणि कॉर्नेट वाजू लागतं. ते वाजवणारे ओलू दारा हे नॅसचे वडील, मिसिसिपीतून न्यूयॉर्कला आलेले जॅझ वादक. एप्रिल १९९४ मध्ये हा अल्बम आला तेव्हा नॅस वीस वर्षांचा होता. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतलं जगणं त्याने जेमतेम चाळीस मिनिटांत मांडलं. माझ्या आवडत्या रॅप अल्बमांत हा सर्वांत वर आहे. रॅपला बोलण्याची कला म्हणतात. मला ती आधी ऐकण्याची कला वाटते. तिचा माग काढत गेलं की प्रत्येक टप्प्यावर जुनी तबकडी कान देऊन ऐकणारं कुणीतरी भेटतं.

पहिला भेटतो तो डीजे कूल हर्क. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून पार्टी ठेवली होती. जमैकातून आलेल्या हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाणं थांबून नुसते ड्रम उरतात त्या तुकड्याची, ‘ब्रेक’ची, नाचणारे वाट पाहत असतात. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्याचा सोबती कोक ला रॉक माइकवरून मित्रांची नावं पुकारायचा. त्या पुकाऱ्यातूनच पुढे रॅपरचा आवाज वाढला.

काही वर्षं हे सगळं पार्ट्यांपुरतं आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींपुरतं राहिलं. १९७९ मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी शुगरहिल गँगकडून ‘रॅपर्स डिलाइट’ करून घेतलं आणि रॅप घराघरांत पोचलं. त्या गाण्याखालची धून ‘चिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची होती. ‘चिक’च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितल्यावर त्यांची नावं श्रेयात आली. म्हणजे पहिल्याच मोठ्या यशासोबत उसनवारीचा प्रश्नही जन्मला.

यंत्रं आली आणि ऐकण्याला धार चढली. १९८७ मध्ये आलेल्या ‘एसपी-१२००’ या सॅम्पलरच्या, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या, स्मृतीत जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. तेवढ्यात काय ठेवायचं, हे ठरवण्यातच निर्मात्याची परीक्षा होती. त्याच वर्षीच्या ‘पेड इन फुल’मध्ये रकीमने यमक ओळीच्या शेवटावरून उचलून ओळीच्या पोटात आणलं. सॅक्सोफोन शिकलेल्या या रॅपरचा श्वास मला आजही वाद्यासारखा ऐकू येतो. १९८८ मध्ये पब्लिक एनिमी या गटाने ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स’मध्ये आवाजांचे थर रचून अख्खं शहर उभं केलं. पुढच्या वर्षी डी ला सोल या गटाने असेच अनेक गाण्यांतले तुकडे जोडून ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ केला. माझ्या यादीतला सर्वांत आनंदी अल्बम हाच.

मग १९९१ चा निकाल आला. गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवानगी वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात गेलेल्या त्या निकालपत्राची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने होते. प्रत्येक तुकड्याला परवानगी आणि पैसे लागू लागले. थरांवर थर रचण्याचे दिवस सरले. परवानग्यांच्या गुंत्यामुळे डी ला सोलचे सुरुवातीचे अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर आले नाहीत. ‘इलमॅटिक’ या निकालानंतरचा अल्बम आहे. त्यात तुकडे मोजके आहेत, पण नेमके. निर्माता पीट रॉकने अहमद जमाल यांच्या पियानोचे काही स्वर घेतले आणि त्यांतून नॅसला आख्खी दुनिया दिली. पुढे रॅपर केन्ड्रिक लमारने २०१५ मध्ये आलेल्या ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’साठी कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट यांच्यासारखे वादकच स्टुडिओत बोलावले.

या वंशावळीची एक फांदी आपल्याकडेही येते. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लता मंगेशकरांचा आवाज घुमला. ते मूळ गाणं ‘ज्योती’ चित्रपटातलं, संगीत बप्पी लाहिरींचं, आणि या नव्या गाण्यात रॅप करायला रकीम! लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये, असा आदेश पुढच्या वर्षी अमेरिकी न्यायालयाने दिला.

तो आदेश मला न्याय्य वाटतो, पण अपुरा. परवानगीचे पैसे मिळतात ते गाण्याच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकांना. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ब्रेक असंख्य रॅप गाण्यांचा कणा झाला; पण तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचं नाव गीतकारांत नव्हतं, म्हणून त्या वापराच्या मानधनातला वाटा त्याला मिळाला नाही. २०१७ मध्ये तो गेला. ज्या संगीताने जगाला नीट ऐकायला शिकवलं, त्याने ज्यांचं ऐकलं त्यांचं नाव घ्यावं आणि त्यांचा वाटाही द्यावा. हा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो मागणं हे आम्हा चाहत्यांचंच काम आहे.