टाकीतलं पाणी

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या जमिनीत केळी. मी १९७६ साली दहावी पास झालो आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बैल जुंपले. शिक्षण तिथं संपलं, पण शाळा सुटली नाही. गावचं हायस्कूल आणि आमचा मळा यांच्यात फक्त एक बांध आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमचा सालदार भाकर सोडतो.

त्या बांधावरून मी पन्नास वर्षं शाळा पाहत आलो. तिच्या तपासण्या पाहिल्या, बक्षिसांच्या स्पर्धा पाहिल्या, देणगीदारांच्या पाट्या पाहिल्या. आणि २०२४ साली एका मूल्यांकनाच्या कागदावर मी स्वतः सही केली. त्या सहीबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात जरा मागून करावी लागेल.

शाळेला गुण देण्याची पद्धत आजची नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान मिळायचं ते निकालावर. साहेब यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, जितकी मुलं पास तितके पैसे. मास्तर मग हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायचे. शेतकऱ्याचा वाटा तेव्हाही होताच. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्यातला एक हिस्सा शाळांना जाई. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं, की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या थोड्यांना. म्हणजे भागीदारी होती, पण एका बाजूनं देण्याची आणि दुसऱ्या बाजूनं घेण्याची.

माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या बोलण्यात शेवटपर्यंत ‘दिपोटी’ हा शब्द होता. दिपोटी साहेब येणार म्हटल्यावर शाळा शेणानं सारवायची, धोतर धुवायचं, आणि साहेबानं विचारलं तर ‘पाटी आहे, पेन्सिल आहे’ म्हणायचं. दादा चौथीपर्यंत शिकले. पण त्यांच्या अभिमानाची गोष्ट वेगळीच होती. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी मुक्कामाला. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावची माणसं उभी केली होती. नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांतून नगर सजवलं. दादा तेव्हा लहान. बापाच्या गाडीत बसून गेले होते. “ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं आनलं,” एवढंच ते सांगायचे. कोणी गाडी, कोणी बांबू, कोणी नुसते हात.

साठच्या दशकात गावानं हायस्कूल काढलं तेही याच रीतीनं. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा. ज्याला जमीन नाही त्यानं आठवडाभर विटा वाहिल्या. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं, ते आमच्याकडच्या मास्तरांनी ऐकलेलं होतं. आमच्या दादांनी दोन खोल्यांच्या विटा दिल्या आणि शाळेला लागून जमीन असल्यामुळे रस्त्यापुरती पट्टी सोडली. त्याची पाटी कुठं लागली नाही. गुण कुणी दिले नाहीत.

आता इथं थांबून ‘ते दिवस किती चांगले होते’ असं लिहिलं की लेख संपतो. पण तसं लिहिलं तर ते खोटं होईल.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी सातवीत होतो आणि ताई नववीत. शाळेची विहीर आटली. दादांनी बैलगाडीवर लोखंडी टाकी ठेवली आणि रोज सकाळी दूरच्या मळ्यातून पिण्याचं पाणी आणून शाळेत दिलं. कित्येक महिने, एक दिवस न चुकता. गाव आजही त्यांचं नाव काढतं. पण त्याच वर्षी आमची ताई घरी बसली.

शाळेत मुलींना जायला जागा नव्हती. मुली बांध ओलांडून आमच्या ज्वारीत जायच्या. ज्वारीचा आडोसा असायचा. त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली आणि वाळली. सगळं रान उघडं पडलं. ताई दोन-चार दिवस दिवसभर पाणी न पिता शाळेत बसली, मग एक दिवस चक्कर येऊन पडली. माय दादांना म्हणाली, “आडोसा नही राह्यला, पोरगी जाईन कोठी? राहू दे तिले घरी.” दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि शाळेला पाणी घेऊन गेले. ज्या शाळेत स्वतःची पोरगी नव्हती, त्या शाळेला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, ज्वारी डोक्यावर गेली. तोवर ताईचं लग्न जमलं होतं.

गावानं विटा दिल्या, पाणी दिलं, जमीन दिली. पण मुली कुठं जातात हा प्रश्न कुणी विचारला नाही. दादांनी नाही, मास्तरांनी नाही, तपासणीला आलेल्या साहेबानंही नाही.

म्हणून मी नव्या काळातल्या मूल्यांकनांना सरसकट नावं ठेवत नाही. २०००-०१ साली आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, त्यात शाळांच्या स्वच्छतेलाही साने गुरुजींच्या नावानं बक्षीस ठेवलं. साने गुरुजी आमच्याच खानदेशातले मास्तर, अमळनेरच्या हायस्कूलमध्ये शिकवलेले. त्या अभियानात गावातल्या म्हाताऱ्यांनीही हातात झाडू घेतला होता. पुढं २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्यात मुलामुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह लिहिलं गेलं. मग ‘शाळा सिद्धी’ आली. सात क्षेत्रं, ४६ मानकं, शाळेनं आपलं आपणच मोजायचं. त्यातलं सातवं क्षेत्र समाजाच्या सहभागाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं दत्तक शाळा योजना काढली. कंपनीनं किंवा दात्यानं पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची. त्यावर बरीच ओरड झाली, की शाळा काय अनाथ आहेत का? आमच्या पारावरही झाली. मी तेव्हा मोठ्या आवाजात म्हणालो होतो, “आमची शाळा आमी सांभाळू, कोनाच्या पाटीची गरज नही!”

बोलायला काय जातं.

१ जानेवारी २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान सुरू झालं. पंचेचाळीस दिवस, शंभर गुण. साठ विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना, चाळीस शाळा व्यवस्थापनाचे उपक्रम आणि इतरांच्या सहभागाला. सरकारी शाळांचा गट वेगळा, आमच्यासारख्या खाजगी संस्थांच्या शाळांचा वेगळा. तालुक्यात पहिल्या शाळेला तीन लाख, जिल्ह्यात पहिल्या शाळेला अकरा लाख, राज्यात पहिल्या शाळेला एक्कावन्न लाख. गावाच्या अंगात आलं. भिंती रंगल्या, परसबाग झाली, पुण्या-सुरतेची माजी पोरं येऊन पंखे देऊन गेली.

मुलींच्या स्वच्छतागृहाची इमारत आधीच होती, पण नळाला पाणी नव्हतं. शाळेची बोअर दोन वर्षांपासून कोरडी. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात केळीसाठी इतकं पाणी उपसलं गेलंय, की ट्यूबवेल दरवर्षी आणखी खोल न्यावी लागते. मुख्याध्यापक माझ्याकडे आले. “नाना, तुमच्या ट्यूबवेलवरून एक लाइन मिळाली तर…” मी लगेच हो म्हटलं. ठिबकच्या मेनलाइनला फाटा काढला, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी बसवली. मूल्यांकनाला समिती आली तेव्हा नळ सोडून दाखवला. लोकसहभागाच्या कागदावर माझं नाव, ‘कायमस्वरूपी पाणीपुरवठा’ असं लिहिलेलं, खाली माझी सही. टाळ्या झाल्या. दादांची आठवण झाली. छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू?

मार्च लागला. जूनमध्ये लावलेला मृगबाग निसवणीला आला होता. केळी निसवते तेव्हा तिला पाण्याचा ताण पडला की घड लहान पडतो, वर्षभराची मेहनत वाया जाते. शेतीची लाइट आठ तास, त्यातही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ठिबकला दाब पुरेना. मी सालदाराला म्हटलं, “शाळेचा व्हॉल्व्ह बंद कर. आठ दिवसांनी पाहू.” त्यानं केला. आठाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. शाळेतून कुणी काही बोललं नाही. देणाऱ्याला विचारायचं कसं? फुकटाच्या पाण्यावर हक्क कोण सांगणार?

एका दुपारी मळ्यात गेलो तर सालदाराची मुलगी आईबरोबर खाली पडलेली केळीची पानं गोळा करत होती. नववीतली पोर. डोंगराकडचं पावरा कुटुंब, त्यांच्या घरात नववीपर्यंत पोचलेली ती पहिली.

“का गं, आज शाळा नही?”

ती मान खाली घालून उभी राहिली. तिचा बाप म्हणाला, “बरेच दिस झाले नाना. शाळात पाणी नही. मोठ्या पोरींले तरास होतो.”

“मंग मले सांगितलं काबरं नही?”

तो व्हॉल्व्हकडे पाहत राहिला. काही बोलला नाही. बोलणार तरी काय? व्हॉल्व्ह त्यानंच बंद केला होता, माझ्या सांगण्यावरून. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोरीची शाळा बंद करून तो बावीस दिवस माझ्या केळीला पाणी देत होता.

त्या रात्री मी हिशेब केला. उन्हाळ्यात मोठ्या केळीला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. शाळेची टाकी हजार लिटरची. म्हणजे पन्नास केळीचं एका दिवसाचं पाणी. माझा बाग पाच हजार केळीचा. शंभरातलं एक झाड. तेवढ्यासाठी मी बावीस दिवस टाकी कोरडी ठेवली. दादांनी दुष्काळात पाणी दिलं आणि आडोसा त्यांच्या लक्षात आला नाही. मला तर सगळं माहीत होतं, कागदावर सहीसुद्धा केली होती.

दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. शाळेचा फाटा ठिबकच्या फिल्टरच्या पुढं होता, तो मागं घेतला, थेट ट्यूबवेलच्या तोंडाशी. मधे व्हॉल्व्हच ठेवला नाही. टाकीत बॉलकॉक बसवला. आता लाइट दिवसा येवो की रात्री, मोटर सुरू झाली की पाणी आधी शाळेत जातं, टाकी भरली की आपोआप बंद होतं आणि मग सगळा दाब बागेला मिळतो. एका दिवसाचं काम. जानेवारीतही करता आलं असतं, पण तेव्हा नळ दाखवायची घाई होती.

ऑगस्टमध्ये अभियानाचा दुसरा टप्पा आला. या वेळी गुण शंभराचे दीडशे झाले होते. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, “सर, मार्चात बावीस दिवस पाणी बंद होतं आणि ते माझ्यामुळे, असं लिहा.” ते हसले. “नाना, असा रकानाच नाही. स्वच्छतागृहात पाणी आहे का, एवढंच विचारलंय. आहे. मी ‘होय’ लिहिणार.”

त्यांचंही खोटं नव्हतं. रकान्याला एकच दिवस दिसतो. इंग्रजी अमदानीत मास्तर हुशार पोरं पुढं बसवायचे, आपण चालू नळ पुढं करतो. तरी रकाना आहे हे बरं, असं मी म्हणेन. १९७२ मध्ये तो असता तर निदान एकदा तरी कुणाला आमच्या ताईपुढं उभं राहून विचारावं लागलं असतं.

रकाना नव्हता म्हणून आम्ही वही केली. शंभर पानी, टाकीखालच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली. नववी-दहावीच्या मुली रोज तारीख टाकून लिहितात: पाणी आहे, पाणी नाही. आज मागणारा आणि देणारा असा भेद त्या वहीत नाही. दोन दिवस ‘नाही’ आलं की शिपाई सरळ माझ्या घरी येतो, आणि यायला लाजत नाही. समितीतल्या एका बाईंनी ती वही उभ्या उभ्या चाळली, फोटो काढला आणि खिळ्यावर परत अडकवली. बक्षीस काही आम्हाला मिळालं नाही.

दिवाळीला ताई सुरतेहून आली तेव्हा तिला टाकी दाखवली, वही दाखवली. तिनं चष्मा लावून पानं उलटली. म्हणाली, “तवा कोनी इचारलं नही रे.” मग नळ सोडून हात धुतले आणि पदराला पुसले.

सालदाराची पोरगी दहावी पास झाली. वहीची पहिली पानं तिच्या अक्षरातली आहेत. वही भरली तेव्हा मुख्याध्यापक ती कपाटात प्रमाणपत्रांबरोबर ठेवणार होते. मी मागून घेतली. ती माझ्या घरी, सातबाऱ्याच्या पिशवीत आहे. बावीस दिवसांची पानं तिच्यात नाहीत, कारण वही नंतरची. म्हणून ते दिवस इथं लिहून ठेवले.